आधीं किंमत, मग मोटार

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव हें तालुक्याचें ठिकाण खरें, परंतु तेथें रेल्वे नाहीं; आणि तेथल्या शेतकऱ्याचें जग पुष्कळसें हळद, कापूस व सोयाबीन यांच्या भावांभोंवतीं फिरतें. त्यांतली हळदच घ्या. आठ-नऊ महिने ती शेतांत राखावयाची, मग खणून काढावयाची, शिजवावयाची, वाळवावयाची, ढोलांत फिरवून तिला झळाळी आणावयाची. आणि इतकें सारें झाल्यावर हिंगोलीच्या बाजारांत तिचा ढीग मांडून दुसरा कोणी काय बोली बोलतो तें ऐकत उभें राहावयाचें. माल आधीं, भाव मागाहून, आणि तोहि दुसऱ्याच्या तोंडचा, ही शेतकऱ्याची रीत झाली. कारखानदाराची रीत निराळी. तो लोखंड, रबर, मजुरी, व्याज आणि नफा यांची बेरीज मांडतो, खालीं रेघ ओढतो, आणि येईल ती रक्कम गिऱ्हाइकास सांगतो. ती रक्कम तो शेवटपर्यंत झांकून ठेवतो, म्हणूनच नव्या मोटारीची वार्ता उठली कीं तिच्या किंमतीविषयीं तर्क लढविण्याचा खेळ सुरू होतो.

श्रोतेहो, या दोन्ही रीतींत न बसणारी एक मोटार आपल्याच काळांत, आणि बऱ्याच अंशीं आपल्याच पुण्यांत घडली. तिची किंमत आधीं जन्मली आणि मोटार पांच वर्षांनीं. शिवाय ती किंमत कोणी हिशेब करून काढलेली नव्हती. एका वर्तमानपत्राच्या मथळ्यानें ती पक्की केली.

त्या मथळ्याकडे वळण्यापूर्वीं थोडें मागें जावें लागेल. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट गाड्या बाहेर पडूं लागल्या. परवान्यांच्या त्या युगांत किती गाड्या बनवावयाच्या याला सरकारची संमति लागे. १९६९ सालीं तर सरकारनें विक्रीची किंमतहि कायद्यानें बांधून दिली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयांत गेले, चौकशीसाठीं आयोग बसला, आणि मोटारीची न्याय्य किंमत कोणती याचा निवाडा १९७२ मध्यें न्यायमूर्तींना करावा लागला. अशा काळांत तर्काला वाव तो काय असणार, असें कोणी म्हणेल. परंतु वाव होता. छापील किंमत ठाऊक असून मोटार हातीं येत नसे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरची तीच कथा. 'स्कूटरचा नंबर लागला' हें वाक्य घरोघरीं मंगलवार्तेसारखें उच्चारलें जाई, आणि ज्याचा नंबर लागला तो पुष्कळदां आपला हक्क वरचे पैसे घेऊन दुसऱ्यास देई. या वरच्या पैशाला मुंबई-पुण्याच्या बोलींत 'ऑन' म्हणत. लोक तर्क लढवीत ते या 'ऑन'च्या आंकड्यावर. सरकारी किंमत कागदावर आणि खरी किंमत कानांत, असा तो व्यवहार होता.

१९८३ सालीं मारुति ८०० आली आणि १९९१ नंतर परवान्यांचे पाश सैल झाले, तेव्हां हें सारें पालटलें. पुण्यांत ट्रक बनविणाऱ्या टाटांच्या कारखान्यानें १९९८ मध्यें इंडिका ही स्वतःची मोटार बाजारांत आणली. तरीहि सर्वांत स्वस्त मोटार सुमारें दोन लाखांच्या घरांत होती आणि साधी दुचाकी तिच्या कितीतरी खालीं. मधली पायरी रिकामीच होती. त्या रिकाम्या पायरीवर पतिपत्नी व दोन मुलें एकाच स्कूटरवरून पावसांत जात असत. हें दृश्य आपल्या मनांत घर करून राहिलें, असें रतन टाटा यांनीं अनेकवार सांगितलें आहे.

आतां तो मथळा. २००३ सालीं जिनीव्हाच्या मोटार-प्रदर्शनांत लंडनच्या 'फायनॅन्शियल टाइम्स'च्या बातमीदारानें टाटांची भेट घेतली. अल्प किंमतीच्या मोटारीविषयीं बोलणें निघालें, आणि ती कितीला पडेल असें विचारतां टाटांनीं अदमासानें एक लाख रुपयांचा आंकडा सांगितला. दुसऱ्या दिवशीं टाटा एक लाखाची मोटार काढणार असा मथळा झळकला. प्रथम आपण खुलासा पाठविणार होतों, असें टाटांनींच पुढें सांगितलें. पण मग त्यांच्या मनांत आलें कीं हाच आंकडा ध्येय म्हणून कां धरूं नये? तो खुलासा कधीं गेला नाहीं. माझ्या मतें आपल्या उद्योगांच्या इतिहासांत न लिहिलेल्या पत्रानें इतका मोठा परिणाम क्वचितच घडविला असेल.

येथून पुढें काम उलट्या दिशेनें चाललें. रेघेखालची रक्कम आधींच लिहिलेली होती, तिच्या वरचे आंकडे तिला जुळवून घ्यावयाचे होते. गिरीश वाघ यांच्या हाताखालीं शेंकडों अभियंते पुण्यांत या कामीं लागले. पहिल्या कल्पनेंतल्या गाडीला दारेंहि नव्हतीं. दारांच्या जागीं प्लॅस्टिकचे पडदे आणि आडवा दांडा. पण अशी गाडी लोक मोटार म्हणून स्वीकारणार नाहींत, हें ध्यानांत येऊन चार दारांची, पुऱ्या पत्र्याची मोटार काढण्याचें ठरलें. दोन सिलिंडरांचें ६२४ घनसेंटिमीटरचें इंजिन मागच्या बाजूस गेलें. कांच पुसावयास दोनाऐवजीं एकच वायपर, चाकास चाराऐवजीं तीनच नट, आरसा एका बाजूसच, आणि सामान ठेवावयाचें तर मागचें दार उघडत नसल्यामुळें बैठक पाडून आंतूनच! यांतली प्रत्येक काटकसर त्या मथळ्याची संतति होती. बुद्धीचें हें काम हिणविण्याजोगें खचित नव्हे. पुष्कळ देशांतील अभियंत्यांनीं त्याचें कौतुक केलें.

या पांच वर्षांत बाहेर तर्कांना ऊत आला होता. चार चाकांची रिक्षाच असेल, असें कोणी म्हणत. कोणी म्हणत, एक लाख हा केवळ जाहिरातीचा आंकडा, प्रत्यक्षांत दीडाच्या खालीं येणें नाहीं. प्रतिस्पर्ध्यांनीं उघड शंका घेतल्या. पोलादाचे भाव चढत होते, म्हणजे २००३ चा लाख २००८ मध्यें लाखाच्या मोलाचा राहिलाहि नव्हता. अखेर १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत नॅनो लोकांसमोर आली, आणि खर्च वाढला असला तरी वचन तें वचन, असें सांगून टाटांनीं लाखाचीच किंमत जाहीर केली.

अर्थात् हा लाख कारखान्याच्या दारांतला. कर आणि वाहतूक त्यावर वेगळी. मध्यंतरीं बंगालमधील सिंगूर येथें जमिनीच्या संपादनावरून शेतकऱ्यांचें आंदोलन पेटलें, ऑक्टोबर २००८ मध्यें टाटांनीं तेथून काढतें पाय घेतलें आणि गुजरातेंत साणंदला नवा कारखाना मांडला. ती कथा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. २३ मार्च २००९ रोजीं मुंबईंत विक्रीच्या किंमती जाहीर झाल्या, तेव्हां दिल्लीच्या दुकानांत सर्वांत साध्या नॅनोस सुमारें १ लाख २३ हजार रुपये पडत होते. सेनगांवच्या माणसाला एवढ्यावरहि थांबतां आलें नसतें. विमा, नोंदणी आणि एकदांच भरावयाचा कर हे सारे देऊन हिंगोलीचा 'एमएच ३८' क्रमांक लागेपर्यंत मथळ्यांतला लाख बराच मागें पडला असता. वर्तमानपत्रांतला भाव आणि हातीं येणारा भाव यांतलें अंतर हळद विकणाऱ्याला नवें नसतें, एवढेंच.

९ एप्रिल ते २५ एप्रिल २००९ या दिवसांत नोंदणी झाली. मराठवाड्यांत हा हळद बाजारांत येण्याचा हंगाम. सर्वांत स्वस्त प्रकारासाठींहि नोंदणीबरोबर ९५ हजार रुपये भरावे लागत. म्हणजे जवळजवळ सारें मोल आधींच. तरीहि दोन लाखांहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं आणि सुमारें अडीच हजार कोटि रुपये गोळा झाले, त्यांत बहुतेकांचे पैसे बँकांच्या कर्जाचे होते. पहिल्या एक लाख गाड्या कोणाला द्यावयाच्या तें सोडतीनें ठरलें. परवान्याचें युग संपून इतकीं वर्षें लोटलीं, तरी पुन्हां नंबर लागण्याची वाट पाहणें आलेंच.

आतां या इतिहासांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ज्या मोटारीच्या लाखाच्या किंमतीविषयीं सहा वर्षें जगभर चर्चा चालली, ती मोटार नोंदविणाऱ्यांत किती जणांनीं मागितली? सुमारें पांचांत एकानें. जवळजवळ निम्म्या लोकांनीं नॅनोचा सर्वांत महागडा, वातानुकूलित प्रकार मागितला, जो दिल्लींतसुद्धां पावणेदोन लाखांच्या आसपास जात होता. तर्क करणारे सारे एकाच प्रश्नावर भांडत होते: लाखांत मोटार होईल कीं नाहीं? लाखाची मोटार दाराशीं उभी करणें लोकांना आवडेल कीं नाहीं, हें विचारावयाचें राहून गेलें. स्कूटर विकून मोटार घेणारा मनुष्य केवळ पावसापासून आसरा विकत घेत नाहीं. शेजाऱ्यांच्या, सोयऱ्यांच्या नजरेंत तो एक पायरी वर चढत असतो; आणि ती पायरी सर्वांत स्वस्त आहे असें जगजाहीर झालें, तर तिच्यावर चढण्याची हौस मावळते. तालुक्याच्या गांवीं तर हें अधिकच खरें, कारण तेथें कोणी कितीला काय घेतलें हें सर्वांना ठाऊक असतें. मोटारीची किंमत गुप्त ठेवण्यांत कारखानदाराचें जसें हित असतें तसें गिऱ्हाइकाचेंहि असतें, असें माझें मत आहे.

१७ जुलै २००९ रोजीं मुंबईंत पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हातीं पडल्या. पुढें कांहीं गाड्यांस आग लागल्याच्या बातम्या आल्या, छोट्या गांवांतील गिऱ्हाइकांना कर्ज मिळेना, आणि नोव्हेंबर २०१० मध्यें सबंध देशांत अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. कंपनीनें हमीची मुदत वाढविली, कर्जाची सोय केली, आणि २०११-१२ या वर्षांत विक्री ७४ हजारांवर गेली. पण ज्या लाखोंच्या हिशेबानें साणंदचा कारखाना मांडला होता तो हिशेब कधीं जुळला नाहीं. सर्वांत स्वस्त मोटार म्हणून तिचा गाजावाजा व्हावा हें दुर्दैव, असें टाटांनींहि पुढें बोलून दाखविलें.

पुण्यांतल्याच बजाजनें हें सारें जवळून पाहिलें होतें. त्यांच्या स्वस्त मोटारीविषयींहि २००८ पासून, रेनॉ व निसान यांच्या नांवांसह, आंकडे फिरत होते. जानेवारी २०१२ मध्यें त्यांनीं चार चाकांचें आपलें छोटें वाहन लोकांपुढें आणलें, आणि किंमत मात्र सांगितली नाहीं. 'क्यूट' या नांवानें तें २०१९ सालीं महाराष्ट्रांत विक्रीस आलें तेव्हां अडीच लाखांच्या जवळ गेलेलें होतें.

नॅनोची नवी आवृत्ति मे २०१५ मध्यें निघाली. तिचें मागचें दार बाहेरून उघडूं लागलें होतें, आणि दिल्लींतील किंमत १ लाख ९९ हजारांपासून पुढें होती. म्हणजे जिनीव्हाच्या त्या संभाषणाच्या वेळीं बाजारांतली सर्वांत स्वस्त मोटार जेथें उभी होती, जवळजवळ तेथेंच. तीन वर्षांनीं, २०१८ सालीं, साणंदला नॅनोचें उत्पादन थांबलें.