कारागृहातील व्यक्तिमत्त्व विकार आणि सुटकेनंतरचे जीवन

‘तुरुंगातून सुटला, पण सुधारला नाही,’ हे वाक्य आपल्या गावांतून वारंवार ऐकू येते. त्यामागे कधी निव्वळ हट्ट असतो, कधी व्यसन, तर कधी मानसशास्त्र ज्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणते ती अवस्था असते. ही अवस्था म्हणजे वेड नव्हे. अशा माणसाला भास होत नाहीत, त्याची स्मृती शाबूत असते, व्यवहारही कळतो. मात्र विचार करण्याची, भावना आवरण्याची आणि इतरांशी नाते ठेवण्याची त्याची रीत किशोरवयापासूनच इतकी ताठर झालेली असते, की तो स्वतः पोळतो आणि भोवतालच्यांनाही पोळतो. कारागृहात विशेषत्वाने दोन प्रकार आढळतात. समाजविघातक प्रकारात दुसऱ्याच्या हक्कांची सतत पायमल्ली, खोटेपणा, उतावीळपणा आणि पश्चात्तापाचा अभाव दिसतो. भावनिक अस्थिरतेच्या प्रकारात टोकाचा राग, सोडून दिले जाण्याची भीती आणि स्वतःला इजा करून घेण्याची प्रवृत्ती असते.

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास फाझेल व डॅनेश या संशोधकांनी २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १२ देशांतील ६२ पाहण्या एकत्र करून त्यांनी असे दाखविले की, पुरुष बंद्यांपैकी सुमारे ६५ टक्के, तर स्त्री बंद्यांपैकी ४२ टक्के व्यक्तींमध्ये कोणता ना कोणता व्यक्तिमत्त्व विकार होता. समाजविघातक प्रकार पुरुषांत ४७ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात ‘निमहान्स’च्या तज्ज्ञांनी सुमारे ५,००० बंद्यांची पाहणी केली. तीत व्यसने वगळली तरी चौघांपैकी एकाहून अधिक बंद्यांना निदान करण्याजोगा मानसिक आजार आढळला होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. समाजविघातक विकाराच्या बऱ्याच खुणा म्हणजे गुन्ह्याचीच वर्णने आहेत. त्यामुळे ‘गुन्हा केला म्हणून विकार आहे, आणि विकार आहे म्हणून गुन्हा केला’ अशा चक्रात निदान सहज अडकते. आपल्या भागाला तर या चुकीचा कटू इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजच्या समाज जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी बुलढाणा जिल्ह्यातील फासेपारधी कुटुंबांच्या कपाळावरचा तो शिक्का अजून पुरता पुसला गेलेला नाही. म्हणूनच निदान हे मानसोपचारतज्ज्ञाचे काम असून ते दीर्घ पूर्वेतिहास तपासूनच करावयाचे असते. अठरा वर्षांखालील मुलाला तर समाजविघातक विकाराचे नाव देताच येत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यातील आरोपी सामान्यतः बुलढाण्याच्या जिल्हा कारागृहात जातो. दीर्घ शिक्षा झाली तर अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहाचा मार्ग असतो. शेतमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला एका भेटीसाठी दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही गमवावे लागते. भेटी विरळ होतात आणि नाते तुटत जाते. त्यात देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश (२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार) न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा दोष सिद्ध झालेला नाही असे होते. असा कच्चा कैदी केव्हा सुटेल हे कोणालाच ठाऊक नसते, मग त्याच्या उपचाराची वा पुनर्वसनाची आखणी करणार कोण? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात निदान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असणे बंधनकारक आहे. तथापि त्या कायद्यातील मानसिक आजाराची व्याख्या विचार, मनःस्थिती, आकलन व स्मृती यांच्या गंभीर बिघाडाभोवती आहे. व्यक्तिमत्त्व विकार तिच्या काठावरच राहतो, आणि बंदी ‘आजारी नाही, फक्त बेशिस्त’ ठरून शिक्षेस पात्र होतो.

सुटकेनंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३०,००० हून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात (२००७) पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सामान्य नागरिकांच्या जवळजवळ तेरापट आढळला. अमली पदार्थांचा अतिरेक हे त्याचे प्रमुख कारण होते. आपल्याकडे दारू हा प्रश्न अधिक मोठा असला तरी धडा तोच आहे. आत असताना केव्हा उठायचे, केव्हा जेवायचे हे दुसरेच ठरवितात. बाहेर पडताच सारे निर्णय एकदम अंगावर येतात, आणि राग आवरण्याची शक्ती मुळातच तोकडी असलेला माणस पहिल्याच टोमण्याला कोसळतो.

यावर औषध आहे काय? व्यक्तिमत्त्व विकार बरा करणारी गोळी नाही. सोबतचे नैराश्य वा व्यसन यांवर औषधोपचार होतात, पण मूळ उपचार संवादाचा, गटातील प्रशिक्षणाचा आणि दीर्घ मुदतीचा असतो. वय वाढते तसा उतावीळपणा बराच ओसरतो, हे तज्ज्ञांचे दिलासादायक निरीक्षण आहे. महाराष्ट्राने तर यापूर्वीच एक मोठे धाडस केले आहे. १९३९ साली औंध संस्थानच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेला मान्यता देऊन आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारली. तेथे शिक्षा झालेले बंदी भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत होय. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, परंतु कुटुंब सोबत ठेवण्याचे त्यातले मर्म मात्र फारसे कोणी उचलले नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंदी व सुटलेल्या व्यक्तींसोबत काम करीत आहे. ग्रामीण विदर्भाला अशा कामाची निकड तितकीच आहे.

धर्मग्रामातील कुटुंबांनी एक भेद स्पष्ट ठेवावा. क्षमा करणे म्हणजे मर्यादा काढून टाकणे नव्हे. घरात मारहाण होत असेल तर पत्नीने व मुलांनी सुरक्षित ठिकाणी जाणे हे पाप नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यांच्यासाठीच आहे. घरातील नियम थोडे, स्पष्ट आणि सर्वांना सारखे असावेत. मोठ्या रकमा हाती देण्याऐवजी रोजच्या कामाची सोय पाहावी, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्या कुटुंबाशी परस्पर समेट घडवून आणण्याची घाई करू नये. संचित रजेवर वा अभिवचन रजेवर आलेल्या बंद्याने ठरल्या दिवशी परत हजर होणे, ही जबाबदारी घरच्यांनीही आपली मानावी. स्वतःला इजा करण्याची भाषा ऐकू आल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. तोपर्यंत शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते.