दोन राज्यांचा करदाता

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ अशी मराठीत म्हण आहे. एका देशात घर आणि दुसऱ्या देशात चाकरी असलेल्या माणसाची गत याहूनही बिकट असे; दोन्ही घरचे यजमान त्याच्याकडे जेवणाचे मोल मागत. राज्याला कर द्यावा, हे सर्वमान्य आहे. पण कोणत्या राज्याला, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी ऐरणीवर आला.

पहिल्या महायुद्धापूर्वी प्राप्तिकराचे दर बेताचे होते. म्हणून दुहेरी कर लोक कसाबसा सोशीत. युद्धाने ते दिवस संपविले. ब्रिटनमध्ये पौंडामागे १ शिलिंग २ पेन्स असलेला कर १९१८ साली ६ शिलिंगांवर गेला. हिंदुस्थानातही १८८६ पासून प्राप्तिकर कायमचा झाला होता. लंडनमध्ये राहून मुंबई-कलकत्त्यात मिळकत असणाऱ्याला दोन्ही सरकारांचे देणे चुकवावे लागे. ओरड झाली, तेव्हा ब्रिटनने १९१६ साली तात्पुरती आणि १९२० साली कायमची सवलत दिली. साम्राज्यातला तंटा असा घरातल्या घरात निवळला. स्वतंत्र राष्ट्रांमधला कोणी मिटवावा?

ते काम राष्ट्रसंघाने हाती घेतले. रॉटरडॅमचे ब्रुइन्स, तूरिनचे आयनाउडी, न्यूयॉर्कचे सेलिग्मन आणि लंडनचे स्टँप या चार अर्थशास्त्रज्ञांनी १९२३ साली अहवाल सादर केला. संपत्ती कोठे निर्माण होते, कोठे असते, तिच्यावरील हक्क कोणत्या कायद्याच्या बळावर बजावता येतो आणि तिचा उपभोग कोठे घेतला जातो, या चार कसोट्यांवर माणसाची ‘आर्थिक निष्ठा’ ठरवावी, असे त्यांनी सुचविले. परंतु मजुरीला या कसोट्या लावल्या की उत्तर दुभंगते. वेतन निर्माण होते कारखान्यात, खर्च होते घरी. १९२८ च्या जिनीव्हा मसुद्याने वेतनावरील कराचा हक्क कामाच्या जागेला दिला. पण घराच्या गावाचे काय, हे उरलेच.

योगायोग असा, की तो प्रश्न जिनीव्हाच्याच वेशीवर उभा ठाकला. या कँटनची फ्रान्सशी सीमा १०० किलोमीटरहून अधिक, तर उरलेल्या स्वित्झर्लंडशी अवघी साडेचार. फ्रेंच गावांतील हजारो लोक सकाळी कामाला जिनीव्हात येत आणि संध्याकाळी घरी परतत. त्यांच्या वेतनावरील कर जिनीव्हा घेई; त्यांच्या मुलांच्या शाळा, रस्ते, पाणी यांचा भार मात्र त्या लहान गावांवर पडे. २९ जानेवारी १९७३ च्या कराराने यावर तोड काढली. कर जिनीव्हानेच घ्यावा. मात्र या कामगारांच्या एकूण वेतनाच्या साडेतीन टक्क्यांइतकी रक्कम दरवर्षी शेजारच्या दोन फ्रेंच जिल्ह्यांना द्यावी. १९८३ साली बाझल, व्हो आदी आठ कँटनांसाठी झालेला करार नेमका उलट होता. तेथे कर राहत्या देशाने घ्यावा आणि वेतनाच्या साडेचार टक्के कामाच्या देशाला द्यावे, असे ठरले.

एकाच सीमेवर दोन उलट नियम झाले आणि दोन्ही टिकले. कारण वसुली कोणीही केली, तरी शेजाऱ्याचा वाटा दोहोंनी मान्य केला होता.

२०२० च्या साथीत कचेऱ्या घरात आल्या आणि कामाची जागा हीच संदिग्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंड यांनी ठरविले, की वर्षातील ४० टक्क्यांपर्यंत काम घरून केले, तरी कराची व्यवस्था बदलू नये. घर आणि कामाची जागा यांमधली सीमारेषा पुसट होत गेली, तरी गावाची शाळा आणि रस्ता कोणाला तरी चालवावाच लागतो. आणि त्याचा वाटा बाजूला काढल्याखेरीज कोणताही कर न्याय्य ठरत नाही.