विवाहाची पुस्तके कोणत्या फळीवर?

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याची प्रतवारी होते. मोठा कांदा एका बाजूला, मध्यम दुसऱ्या बाजूला आणि गोल्टी वेगळी. येथे निकष एकच आहे, तो म्हणजे आकार. म्हणून प्रत्येक कांद्याला नेमकी एक जागा मिळते. आता याच गावातील एखाद्या शाळेचे पुस्तकांचे कपाट डोळ्यांपुढे आणा. विवाहाविषयीची काही पुस्तके त्यात लावायची आहेत. एक विवाहविधीचे आहे, एक कायद्याचे, एक नाटक, एक समाजशास्त्राचे आणि एक संततिनियमनाचे. ही सगळी शेजारी ठेवायची की पाच ठिकाणी वाटायची?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण वर्गीकरणशास्त्राचा इतिहास पाहिला तर तो तसा नाही. लिनिअसने १७३५ साली सजीवांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले तेव्हा देवमासा माशांत होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो सस्तन प्राण्यांत नेला. देवमासा तोच राहिला, आपली समज बदलली. पुस्तकांच्या बाबतीतही असेच घडते. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. सजीवांची वंशावळ निसर्गात घडलेली आहे, आपण ती शोधून काढतो. विवाहासारख्या विषयाची अशी एकच वंशावळ नाही. तो एकाच वेळी संस्कार आहे, करार आहे, रूढी आहे आणि आर्थिक व्यवहारही आहे. त्यामुळे त्याला जागा देणारा माणूस नकळत विवाहाची व्याख्याच करीत असतो.

पूर्वी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे कपाटातील ठरलेली जागा असे. नवे पुस्तक आले की ते शेवटी ठेवायचे. आजही काही लहान वाचनालयांत पुस्तके दाखल क्रमांकानेच लावलेली आढळतात. अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्विल ड्यूई याने १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि क्रमांक जागेऐवजी विषयाला दिला. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग, आणि दशांश चिन्हानंतर हवे तितके पोटभाग. त्यामुळे दोन जुन्या पुस्तकांच्या मध्ये नवे पुस्तक सहज बसू लागले.

या पद्धतीत विवाह कोठे आहे? कुटुंबातील नीतीचा विचार १७३ मध्ये, तत्त्वज्ञानाच्या फळीवर. ख्रिस्ती विवाहसंस्कार २६५.५ मध्ये. हिंदू विवाहसंस्कार २९४.५ या हिंदू धर्माच्या क्रमांकाखाली आणि इस्लामविषयक ग्रंथ २९७ मध्ये. लग्नाच्या चालीरीती ३९२.५ मध्ये, विवाहाचा कायदा ३४६ मध्ये, संततिनियमन ६१३.९ मध्ये. मराठी नाटक विवाहाबद्दल असले तरी ८९१.४६२ मध्येच जाणार. म्हणजे एकच विषय ग्रंथालयाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला!

हे क्रमांकही स्थिर राहिले नाहीत. ड्यूईच्या जुन्या आवृत्त्यांत स्त्रियांचे समाजातील स्थान या विषयाला ३९६ हा क्रमांक होता. त्याचे शेजारी कोण, तर पोशाख, रूढी आणि शिष्टाचार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो क्रमांक रिकामा करण्यात आला. १९७९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत समाजशास्त्राची नवी मांडणी झाली, तेव्हा विवाह आणि कुटुंब ३०६.८ वर आले. ३०६ म्हणजे सामाजिक संस्था. राजकीय संस्था ३०६.२, आर्थिक संस्था ३०६.३. विवाह आता राज्य आणि बाजार यांच्या ओळीत बसला. जी गोष्ट केवळ चाल मानली जाते, तिचे आपण वर्णन करतो. जी संस्था मानली जाते, तिची चिकित्सा करता येते आणि ती बदलताही येते.

मराठी पुस्तके घेऊन ही कसोटी पाहू या. वि. का. राजवाडे यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या पुस्तकाच्या नावातच ‘संस्था’ हा शब्द आहे. त्याला ३०६.८१०९५४ हा क्रमांक शोभेल. यात ३०६.८१ म्हणजे विवाह, ०९ म्हणजे इतिहास व प्रदेश, आणि ५४ म्हणजे भारत. देवलांचे ‘शारदा’ हे १८९९ चे नाटक जरठ-बाला विवाहावर असूनही नाटकांत जाईल. र. धों. कर्वे यांचे १९२३ चे ‘संततिनियमन’ आरोग्याच्या फळीवर जाईल. ताराबाई शिंदे यांचे १८८२ चे ‘स्त्री-पुरुष तुलना’ जुन्या पद्धतीने रूढींच्या शेजारी, नव्या पद्धतीने समाजशास्त्रात.

सर्वांत अवघड उदाहरण महात्मा फुले यांचे. १८८७ साली त्यांनी सत्यशोधक समाजासाठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध केले. भटजीशिवाय लग्न कसे लावावे हे त्यात आहे. विधी आहे म्हणून ते धर्माच्या फळीवर ठेवले, तर ते पोथ्यांच्या शेजारी जाते. चालीरीतींत ठेवले, तर रुखवत आणि हळदीच्या शेजारी. समाजशास्त्रात ठेवले, तर पौरोहित्याच्या मक्तेदारीला दिलेले आव्हान म्हणून ते वाचले जाते. पुस्तकातील एक अक्षरही बदलत नाही, पण वाचक त्याच्याकडे कोणत्या वाटेने येतो हे बदलते.

हा पेच कसा सोडवावा? त्याचे एक उत्तर एका गणितज्ञाने दिले. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. मोजक्या पट्ट्या आणि नटबोल्ट, पण त्यांतून हवे ते यंत्र जुळवता येते. विषयही असेच जुळवावेत, ही कल्पना त्यांना सुचली आणि १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. प्रत्येक विषय निरनिराळ्या पैलूंनी बनतो, आणि स्थळ व काळ हे त्यांपैकी दोन पैलू, असे त्यांनी मांडले.

स्थळाचा पैलू किती मोलाचा, हे आपल्याच भागातून दिसते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ सालीच बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. १९१० साली बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून राज्यभर वाचनालये उभारण्याचे कामही त्यांनीच हाती घेतले. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा १९२९ साली झाला. मनमाड ब्रिटिश मुलुखात, तर लासूर निझामाच्या राज्यात. रेल्वे एकच, पण मनमाडला लागू झालेला शारदा कायदा लासूरला आपोआप लागू नव्हता. म्हणून ‘विवाहाचा कायदा’ एवढेच लिहून भागत नाही. कोठला आणि केव्हाचा, हेही लिहावे लागते.

तरीही एक अडचण उरतेच. फळी ही सरळ रेषा आहे. तिच्यावर पुस्तकाला शेजारी दोनच, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. विषयाला मात्र पाच-सहा दिशा असतात. अनेक मितींची वस्तू एका रेषेवर आणली की काही नाती तुटणारच. कायद्याची पुस्तके एकत्र आणली, तर ‘शारदा’ दूर जाते. विवाहाची सगळी एकत्र आणली, तर नाटके विखुरतात. यावर उपाय फळीवर नाही, तालिकेत आहे. पुस्तक एकाच जागी राहते, पण त्याची कार्डे कितीही करता येतात. संगणकीय तालिकेत तर एका पुस्तकाला दहा विषयशब्द देण्यास काहीच अडचण नाही.

शाळेत हे का करावे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. नववीतल्या ज्या मुलीच्या घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत, ती ग्रंथपालाला मोठ्याने प्रश्न विचारील असे नाही. ती गुपचूप कपाट चाळील. तेथे ‘विवाह’ म्हणून फक्त मंगलाष्टके आणि पाककृती असतील, आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा ‘संकीर्ण’ नावाच्या गठ्ठ्यात असेल, तर तो तिच्यापुरता ग्रंथालयात नाहीच.

म्हणून एक उपक्रम सुचवतो. शाळेच्या कपाटातील विवाहाशी संबंधित दहा पुस्तके काढा. विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाला ती एका ओळीत लावायला सांगा आणि क्रमाचे कारण विचारा. गटागणिक क्रम वेगळा येईल. त्यावर चर्चा होऊ द्या. मग प्रत्येक पुस्तकाची तीन-तीन कार्डे करून घ्या. ‘शारदा’च्या कार्डावर ‘बालविवाह : कायदा हेही पाहा’ असे लिहा, आणि कायद्याच्या पुस्तिकेच्या कार्डावर ‘शारदा हेही पाहा’. शेवटी ही कार्डे मुलांना स्वतः चाळता येतील अशा ठिकाणी, कपाटाच्या कुलपाबाहेर ठेवा.