नेम कोणाचा : हाताचा कीं यंत्राचा?

व्हिडिओ गेम हा विषय आतां केवळ मुलांचा राहिलेला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तो दिवाणखान्यांत नांदत आहे, आणि त्याविषयीं वडील मंडळींचें बोलणें बहुधा दोन वाक्यांत संपतें: डोळे बिघडतात आणि अभ्यास बुडतो. या तक्रारींत तथ्य असेल. परंतु ज्या करमणुकीचा गेल्या तीस वर्षांत इतका विस्तार झाला तिला स्वतःचा इतिहास आहे, तिच्या कारागिरांत मतभेद होऊन पंथ पडलेले आहेत, आणि त्या पंथभेदांच्या मुळाशीं विचार करण्याजोगे प्रश्न आहेत, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. अशाच एका मतभेदाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. वाद दिसण्यांत लहान आहे. पडद्यावरील पात्राच्या हातीं बंदूक आहे, समोर शत्रु आहे. तर नेम धरावयाचा कोणीं? खेळणाऱ्याच्या हातानें, कीं यंत्रानें?

ज्या जातीच्या खेळांत हा वाद विशेष माजला तिचें स्वरूप प्रथम सांगितलें पाहिजे. नेमबाजीच्या खेळांच्या दोन जाती आहेत. पहिलींत खेळणारा पात्राच्या डोळ्यांनीं पाहतो. त्याला आपला देह दिसत नाहीं, पुढें धरलेली बंदूक तेवढी दिसते. दुसरीला थर्ड-पर्सन शूटर असें म्हणतात. हींत दृष्टि पात्राच्या पाठीमागें कांहीं पावलांवर, किंचित् उंच अशी टांगलेली असते, आणि पात्र पाठमोरें पण सबंध दिसतें. पहिल्या जातींत डोळा आणि नळी जवळजवळ एका रेषेंत असतात. दुसरींत डोळा एकीकडे व नळी दुसरीकडे. डोळ्यास जो शत्रु मोकळा दिसतो तो नळीच्या वाटेंत भिंतीआड असूं शकतो, आणि कित्येकदां पात्राचें स्वतःचेंच शरीर लक्ष्याच्या आड येतें. म्हणजे नेमाची अडचण येथें खेळणाऱ्याच्या आळसांतून उत्पन्न झालेली नाहीं. ती दृष्टीच्या मांडणींतच आहे.

दुसरी अडचण साधनाची. सोनी कंपनीनें १९९४ सालीं प्लेस्टेशन हें यंत्र जपानांत विकावयास काढलें तेव्हां त्याच्या कंट्रोलरवर दिशांचीं चार बटनें होतीं. अंगठ्यानें हवी तितकी कलवितां येईल अशी दांडी त्या यंत्रासाठीं १९९७ सालीं आली. बटन एक तर दाबलेलें असतें किंवा नसतें. थोडेसें डावीकडे, आणखी रेसभर वर, ही भाषा त्याला येत नाहीं. अशा बटनांनीं लांबी, रुंदी व खोली असलेल्या जगांत नेम धरणें म्हणजे काठीनें सुईंत दोरा ओवण्यासारखें होतें. इंग्लंडांतील डर्बी येथील कोअर डिझाइन या संस्थेनें १९९६ सालीं 'टूम रेडर' प्रसिद्ध केला, आणि हा पेंच सोडविला तो नेम धरण्याचें काम खेळणाऱ्याकडून काढूनच घेऊन. त्यांतील नायिका लारा क्रॉफ्ट दोन पिस्तुलें उपसून उभी राहिली कीं तिचे हात आपण होऊन जवळच्या शत्रूकडे वळत; खेळणाऱ्यानें गोळी तेवढी झाडावयाची. मग त्याच्याकडे काय उरलें? उडी, कोलांटी, कड्याच्या टोकाचें भान आणि श्वापदापासून राखावयाचें अंतर. परीक्षा नेमाची नव्हती, पायांची होती. आणि ती सोपी होती असें तो खेळ खेळलेला कोणीहि म्हणणार नाहीं.

नाइलाजानें पत्करलेल्या या युक्तीस तत्त्वाचें रूप मिळालें तें जपानांत. निन्टेंडोचा 'ऑकरिना ऑफ टाइम' हा खेळ नोव्हेंबर १९९८ मध्यें निघाला. तो निव्वळ बंदुकीचा खेळ नव्हे; त्यांत तरवार आहे, गलोल आहे, धनुष्य आहे. परंतु लॉक-ऑन या पद्धतीचा पुढील सारा वंश त्याच्याकडे बोट दाखवितो. ही कल्पना कशी सुचली तें त्याच्या निर्मात्यांपैकीं तोरु ओसावा यांनीं पुढें सांगितलें आहे. सहकाऱ्यांसह ते क्योतो येथील तोएइ कंपनीची चित्रपटनगरी पाहण्यास गेले असतां तेथें लुटुपुटीच्या लढाईचा प्रयोग चालला होता. एकानें सांखळीचा विळा फेंकला, सामुराईनें तो डाव्या हातावर झेलला, सांखळी ताणली गेली, आणि फेंकणारा त्या सांखळीच्या टोकाशीं सामुराईभोंवतीं वर्तुळांत फिरूं लागला. शत्रु आणि वीर यांच्यामध्यें अशीच एक अदृश्य सांखळी बांधली तर? कंट्रोलरच्या खालच्या अंगाचें बटन दाबलें कीं दृष्टि शत्रूवर खिळे, नायक त्याच्याभोंवतीं फिरे, आणि बाण सोडला तर तो त्याच्याच रोखानें जाई. येथें यंत्राची मदत ही उणीव झांकण्यासाठीं नव्हती. तिच्यांत द्वंद्वयुद्धाची एक रीत होती. कोणाशीं लढावयाचें, केव्हां पुढें व्हावयाचें, केव्हां ढाल धरावयाची, हा निर्णय खेळणाऱ्याचा. मान वळविण्याचा हमालीभाग यंत्राचा.

याच सुमारास संगणकावर खेळणाऱ्यांचा निराळा पंथ वाढत होता. त्यांच्या हातीं माऊस होता, आणि माऊस व दांडी यांत मूलतः भेद आहे. माऊस जितका सरकवावा तितकाच नेम सरकतो आणि हात थांबतांच थांबतो. दांडी मात्र जितकी कलवावी तितक्या वेगानें नेम सरकत राहतो. तो नेमक्या क्षणीं थांबविण्यासाठीं अंगठा वेळेवर माघारीं आणावा लागतो. एकांत जागेचा हिशेब, दुसऱ्यांत वेगाचा. फिनलंडमधील रेमेडी या संस्थेचा 'मॅक्स पेन' (२००१) हा माऊसवाल्या पंथाचा उत्तम नमुना होय. त्यांत नेम हाताचा. अडचणीच्या वेळीं खेळणाऱ्यास काळाची गति मंद करितां येई, आणि त्या मंदावलेल्या क्षणांत तो शांतपणें नेम धरी. यंत्रानें नेम धरून दिला नाहीं, नेम धरण्यास अवकाश दिला. मदतीचा हा प्रकार आम्हांस विशेष सभ्य वाटतो.

दोन्ही पंथ एका घरांत नांदविण्याचे प्रयत्नहि झाले. १९९९ सालच्या 'सायफन फिल्टर'मध्यें एक बटन दाबून धरलें कीं यंत्र लक्ष्य पकडी. दुसरें दाबलें कीं खेळणाऱ्यास स्वतः नेम धरावा लागे. कांहीं शत्रूंच्या अंगांत गोळी न शिरणारीं जाकिटें असत. त्यांच्यापुढें यंत्राचा छातीवरचा नेम निरुपयोगी, तेथें डोक्याचा वेध हातानेंच घ्यावा लागे. यांत एक चांगला विचार आहे: सामान्य काम यंत्राकडे, कौशल्याचें काम हाताकडे. रॉकस्टार या संस्थेचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' २००१ सालीं प्लेस्टेशन २ वर आला तो लॉक-ऑन घेऊन, आणि पुढील वर्षीं संगणकावर आला तो माऊसचा नेम घेऊन. एकच नगर, एकच कथा, पण नेमाचे धर्म दोन. त्याच मालिकेच्या चौथ्या भागांत (२००८) एकाच घोड्याच्या दोन पायऱ्या केल्या: अर्धा दाबला तर नेम मोकळा, पूर्ण दाबला तर यंत्राचा.

हाताच्या नेमाच्या बाजूनें सर्वांत जोरदार पुरावा मात्र जपानांतूनच यावयाचा होता. कॅपकॉमचा 'रेसिडेंट ईव्हिल ४' जानेवारी २००५ मध्यें निघाला. त्याचे दिग्दर्शक शिंजि मिकामि. त्यांनीं दृष्टि पात्राच्या उजव्या खांद्यावर आणून बसविली, बंदुकीस तांबड्या किरणाचा नेमदर्शक जोडला आणि नेम हातीं दिला. त्याबरोबर एक कठोर अटहि घातली: नेम धरला असतां पाऊल हलवितां येणार नाहीं. शत्रूच्या पायावर गोळी बसली तर तो गुडघ्यावर येतो, हातावर बसली तर हत्यार गळतें, डोक्यावर बसली तर लडखडतो. द्रोणाचार्यांच्या परीक्षेची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. इतर शिष्यांस झाड दिसलें, फांदी दिसली, पक्षी दिसला. अर्जुनास केवळ पक्ष्याचा डोळा दिसला. लॉक-ऑन पक्षी धरून देतें. डोळा निवडण्याचा अधिकार तें काढून घेतें. मिकामींनीं तो अधिकार परत दिला, आणि चोहोंकडून शत्रु पावलापावलानें जवळ येत असतां जागचें न हलतां तो बजावण्यांत जी धडकी भरते तींतच त्या खेळाचा सारा रस सांठविला. पुढील वर्षीं आलेल्या 'गिअर्स ऑफ वॉर'नें ही खांद्यावरची दृष्टि उचलली, तिला आडोशामागून लढण्याची रीत जोडली, आणि तेव्हांपासून या जातीच्या बहुतेक खेळांचा तोच सांचा ठरला.

मग हाताचा पक्ष जिंकला म्हणावयाचें काय? वरवर पाहतां तसें दिसतें. पण येथेंच या इतिहासांतील खरी मौज आहे. दांडीनें धरलेला निव्वळ हाताचा नेम सामान्य माणसास जमत नाहीं, हें कारागीर केव्हांच ओळखून चुकले होते. म्हणून त्यांनीं मदत काढून घेतली नाहीं, ती लपविली. पहिल्या जातींतील 'हॅलो' (२००१) या खेळानें ही विद्या नांवारूपास आणली. नेमाची खूण शत्रूवरून जाऊं लागली कीं तिची गति आपोआप मंदावते. शत्रु सरकला तर खूण त्याच्याबरोबर थोडीशी ओढली जाते. आणि गोळी केसभर चुकत असेल तर ती लक्ष्याकडे कलविली जाते. याला एम असिस्ट म्हणतात. खेळणाऱ्यास वाटतें नेम आपला. वस्तुतः तो भागींतला व्यवहार असतो. एकलव्याच्या कथेंत नेमाची विद्या अंगठ्यांत होती. कंट्रोलरवरहि ती अंगठ्यांतच आहे, पण त्या अंगठ्याखालीं दुसरा एक अदृश्य अंगठा नेहमीं काम करीत असतो.

एकटा मनुष्य यंत्राशीं खेळत असे तोंवर या गुप्त भागीदारीनें कोणाचें नुकसान नव्हतें. परंतु दूरदूरचीं माणसें एकमेकांविरुद्ध खेळूं लागलीं तेव्हां भागींतला हा व्यवहार उघडकीस आला. एपिक या संस्थेच्या 'फोर्टनाइट'मध्यें (२०१७) माऊसवाले व कंट्रोलरवाले एकाच रणांगणावर उतरले, आणि एकमेकांकडे बोट दाखवूं लागले. माऊसवाला म्हणे, तुमचा नेम यंत्राचा. कंट्रोलरवाला म्हणे, तुमचें साधनच वरचढ. शेवटीं २०२० सालीं कंट्रोलरच्या मदतीचा जुना प्रकार एपिकनें काढून टाकला. हा वाद आपल्याकडेहि आलेला आहे. 'पबजी मोबाइल' या खेळास सप्टेंबर २०२० मध्यें भारतांत बंदी झाली. २०२१ सालीं तो 'बीजीएमआय' या नांवानें परतला, २०२२ सालीं पुन्हां दिसेनासा झाला आणि २०२३ सालीं पुन्हां आला. त्यांत माऊस नाहीं, दांडीहि नाहीं. आहे ती फोनची गुळगुळीत कांच. बोटानें, अथवा फोनच हातांत कलवून नेम धरावयाचा, आणि मदतीस एम असिस्ट आहेच. पुण्याचा वा नागपूरचा मुलगा मित्राशीं तावातावानें भांडतो तें पुष्कळदां याच प्रश्नावर: मारलें तें तूं कीं तुझ्या फोननें?

या भांडणांत एक पक्ष मात्र बराच काळ कोणाच्या खिजगणतींत नव्हता. ज्यांचा हात कांपतो, ज्यांस एकच हात आहे, ज्यांची दृष्टि अधू आहे, त्यांच्या दृष्टीनें हाताचा नेम म्हणजे बंद दार. जून २०२० मध्यें निघालेल्या 'द लास्ट ऑफ अस, भाग दुसरा' या नॉटी डॉगच्या खेळांत अशा खेळाडूंसाठीं साठांहून अधिक सोयी ठेविल्या होत्या, आणि त्यांत लॉक-ऑन ही एक होती. शत्रूची चाहूल ध्वनीनें कळविण्याची सोय तिला जोडली असल्यामुळें डोळ्यांनीं मुळींच न दिसणाऱ्या खेळाडूंनींहि तो खेळ पार केला. जी पद्धति अपुऱ्या साधनामुळें जन्मास आली आणि पुढें कमीपणाची मानली गेली, तीच मनुष्याच्या अपुरेपणास हात देण्यास उभी राहिली. नेमाच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

आमचें मत असें कीं हाताचा नेम श्रेष्ठ कीं यंत्राचा, हा प्रश्न जसा घातला जातो तसा सुटणारा नाहीं. कारण नेम हें सर्वच खेळांचें साध्य नव्हे. लारेच्या खेळांत परीक्षा पायांची, निन्टेंडोच्या खेळांत निर्णयाची, मिकामींच्या खेळांत धीराची. ज्या खेळास जें पारखावयाचें आहे तें त्यानें खेळणाऱ्याच्या हातीं ठेवावें आणि उरलेला भार खुशाल यंत्रावर टाकावा; यांत कमीपणा नाहीं. दोष आहे तो मदतींत नसून तिच्या लपवालपवींत आहे, आणि तोहि विशेषेंकरून जेथें दोन माणसांची बरोबरी ठरवावयाची असते तेथें. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पांचव्या भागांतील (२०१३) सामुदायिक खेळांत मोकळ्या नेमाचे खेळाडू आणि मदतीचे खेळाडू यांचे आखाडे कन्सोलवर वेगळे ठेविले गेले. कुस्तींत वजनाचे गट पाडतात तशांतलीच ही व्यवस्था आहे, आणि ती आम्हांस न्याय्य वाटते. मदत घेणाऱ्यानें ती घेतली असें मोकळेपणीं सांगावें, न घेणाऱ्यानें तिला हिणवूं नये, आणि खेळ करणाऱ्यानें दोघांस खरें काय तें कळूं द्यावें. घरांतील मुलगा पुढील वेळीं जिंकून उठेल तेव्हां वडील मंडळींनीं डोळ्यांची व अभ्यासाची चौकशी अवश्य करावी. पण त्याबरोबर यांत तुझा भाग किती आणि यंत्राचा किती, एवढेंहि विचारून पाहावें. ज्या मुलास या प्रश्नाचें उत्तर नीट देतां येईल, तो त्या पडद्यासमोर अगदींच वेळ दवडीत नव्हता असें समजण्यास हरकत नाहीं.