चुलीचा हिशेब आणि पगाराचा आकडा

सामाजिक संशोधन म्हणजे विद्यापीठाच्या कपाटात राहणारी वस्तू, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे मात्र अशा एका संशोधनाचा निकाल पगाराच्या चिठ्ठीवर वाचत असतो. ‘महागाई भत्ता’ म्हणून जी रक्कम तेथे लिहिलेली असते, तिच्या मुळाशी कामगारांच्या घरखर्चाच्या पाहण्यांचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्य आणि कापड कडाडले; मजुरी मागे पडली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखावर गिरणी कामगारांनी संप केला आणि १९२० साली पुन्हा केला. मजुरीत भागत नाही, हे कामगारांचे म्हणणे. पण किती भागत नाही, हे सांगणारा भरवशाचा आकडा कोणापाशीच नव्हता. अशा परिस्थितीत १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले. आधी संप आणि मग संशोधन, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या ऑफिसने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगारांचे ३,०७६ जमाखर्च गोळा केले. अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहतात, असे त्यात आढळले. धान्याविषयीचा निष्कर्ष तर अधिक बोचरा होता. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळ संहितेने ठरविलेल्या कमाल शिध्याइतके होते, पण मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीतील शिध्याहून ते कमी भरत होते. हे एखाद्या चळवळ्याचे भाषण नव्हते, सरकारने छापलेला अहवाल होता. शंभर सभांतून जे सांगून पटत नाही, ते असा एक आकडा पटवून देतो.

पुढे १९३२-३३ साली नवी पाहणी झाली आणि तिच्या आधारे जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष शंभर धरून राहणीखर्चाचा नवा निर्देशांक सुरू झाला. त्याची रीत सोपी आहे. कामगार कुटुंब कोणत्या वस्तूवर किती खर्च करते, हे पाहणीतून ठरवावयाचे. मग त्याच वस्तूंचे भाव महिन्यामागून महिना नोंदवावयाचे. शंभर रुपयांतले पन्नास धान्यावर जात असतील आणि धान्य दहा टक्क्यांनी महागले, तर खर्च पाच टक्क्यांनी वाढला. पण धान्याचा वाटा तीसच धरला, तर वाढ तीनच टक्के दिसते. बाजार तोच, दुकान तेच. फरक फक्त वाटा किती धरला याचा. १९४० साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला. युद्धकाळात भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला, आणि तेव्हापासून या वाट्याचा प्रश्न भाकरीचा प्रश्न झाला.

पण भाव वाढले तेवढा भत्ता मिळाला, एवढ्याने मूळची मजुरी पुरेशी होत नाही. हा विचार १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत पुढे आला. डॉ. एक्रॉइड यांच्या आहारशास्त्रीय संशोधनाच्या आधारे माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के, असे किमान वेतनाचे माप तेथे ठरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्ये यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत, असे सांगितले.

आकडा मिळाला म्हणून कामगारांना स्वस्थ बसता आले असे नाही. १९६० च्या सुमारास मुंबईत भत्ता ज्याच्यावर बेतलेला होता, तो निर्देशांक १९३३-३४ च्याच टोपलीवर चालत होता. तीस वर्षांत राहणी बदलली, टोपली तशीच राहिली. संघटनांनी तक्रार लावून धरली, तेव्हा १९६३ साली महाराष्ट्र शासनाने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुना निर्देशांक महागाई कमी दाखवीत आहे, ही तक्रार समितीच्या तपासणीत खरी ठरली आणि दुरुस्ती सुचविली गेली. कामगाराला जे खिशातून कळत होते, ते अर्थशास्त्रज्ञाने कागदावर सिद्ध केले.

आजही काम संपलेले नाही. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची २०१६ हे पायावर्ष धरलेली मालिका २०२० साली आली. तिच्यात खाद्यपदार्थांचा वाटा ४६.२० वरून ३९.१७ टक्क्यांवर उतरला आहे. घर, शिक्षण, दवाखाना यांवरचा खर्च वाढला, हे खरे. पण हा सरासरी कामगार. ज्याची निम्मी मिळकत किराण्यातच जाते, त्या कंत्राटी सफाई कामगाराच्या किमान वेतनातला विशेष भत्ताही निर्देशांकावरच ठरतो. धान्य महागले की त्याला सरासरीपेक्षा जास्त झळ बसते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. घरी पाहणी करणारा आला तर त्याला दारातून परत पाठवू नये. भाडे किती, उसने किती, शाळेची फी किती, सर्व खरे सांगावे. आणि संघटनांनी निर्देशांकाचा आकडा नुसता वाचू नये. टोपलीत काय आहे, भाव कोणत्या बाजारातून घेतला आणि पाहणी कोणत्या साली झाली, हे विचारावे. चुलीचा हिशेब चुलीपाशी बसणाऱ्यांनी तपासला, तरच पगाराचा आकडा खरा राहील.