मूल हललं तरी चालेल!

जुन्या घरांच्या माजघरात भिंतीवर एखादा तांबूस पडलेला फोटो असतो. वर्ष-दीड वर्षाचं मूल, अंगडं-टोपडं, गालावर तीट, खुर्चीत नीट बसवलेलं. आणि चेहरा असा, की जणू फौजदारापुढंच आणलंय! आपण म्हणतो, ‘आजोबा लहानपणी भारीच गंभीर होते हो!’ पण श्रोतेहो, आजोबाही इतर पोरांसारखेच अवखळ असणार. गंभीर होती ती फोटो काढण्याची रीत. ही रीत कशी आली आणि कशी सुटली, ते आज पाहू.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची छायाचित्रणाची कृती जगापुढं मांडण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला तेव्हा कित्येक मिनिटं लागत. पुढं रसायनं सुधारली आणि वेळ सेकंदांवर आला. मोठी माणसं डोक्यामागं लोखंडी आधार लावून तेवढा वेळ निश्चल राहत. पण तान्ह्या मुलाला ‘हलू नकोस’ म्हणून कोण सांगणार? ते जरा हललं, की चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग!

मग पाश्चात्त्य देशांतल्या स्टुडिओंत एक युक्ती निघाली. आईला खुर्चीत बसवायचं, तिच्या अंगावर डोक्यापासून कापड टाकायचं आणि मांडीवर मूल ठेवायचं. कापडाआडून आई त्याला घट्ट धरून ठेवी. अशी कितीतरी चित्रं आजही संग्रहांत पाहायला मिळतात. त्या काळी मुलं लहानपणीच दगावण्याचं प्रमाण फार होतं. एखाद्या आईजवळ लेकराची तेवढीच एक खूण उरे. आणि तिच्यातही त्याचं खेळणं-बागडणं नसे.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानं जिलेटिनच्या कोरड्या काचांची कृती प्रसिद्ध केली. इतरांनी ती सुधारली आणि दहाएक वर्षांत सेकंदाच्या लहानशा अंशात फोटो निघू लागला. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमननं फिल्मच्या गुंडाळीवर चालणारा कोडॅक कॅमेरा आणला. १९०० साली एका डॉलरचा ‘ब्राउनी’ आला, तोही मुलांनी वापरावा म्हणून. कॅमेरा स्टुडिओतून अंगणात उतरला.

मग अडचण संपली का? यंत्राची संपली, पण माणसांची सवय सुटेना. मूल पळतं असलं तरी त्याला धरून आणायचं, भांग पाडायचा आणि ‘इकडं बघ, हस बघू’ म्हणायचं, हे चालूच राहिलं.

ही सवय मोडणाऱ्यांत एक तर स्वतःच मूल होता! फ्रान्समधला झाक आंरी लार्तिग, जन्म १८९४. वडिलांनी त्याला अगदी लहान वयात कॅमेरा दिला. त्यानं उड्या मारणारी, धावणारी, घरच्या घरी गाड्या करून पळवणारी भावंडं टिपली. खेळगडीच फोटो काढतोय म्हटल्यावर लाजायचं कुणाला? ती चित्रं १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा जग थक्क झालं.

दुसरं नाव हेलन लेविट हिचं. १९२५ साली ‘लायका’ हा छोटा कॅमेरा बाजारात आला होता. तो घेऊन ही बाई न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत हिंडे. मुलांना चित्रकला शिकवताना त्यांनी रस्त्यावर खडूनं काढलेली चित्रं तिच्या नजरेत भरली होती. कॅमेऱ्याला तिनं काटकोनात पाहायची काच बसवली. ती एकीकडं पाहतेय असं वाटे, आणि कॅमेरा टिपी दुसरीकडचं. मुखवटे घालणारी, भांडणारी, भिंतीवर चढणारी मुलं तिच्या फोटोंत जशीच्या तशी आहेत. १९४३ साली त्याच संग्रहालयानं तिचं मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं.

आज कॅमेरा खेड्यापाड्यांत प्रत्येकाच्या खिशात आहे. पण ‘हस बघू’ सुटलेलं नाही. शिक्षकबंधु-भगिनींनो, वर्गाचा रांगेतला फोटो जरूर काढा. त्याबरोबर घरच्यांना सांगून एक असाही काढा, की मुलं मातीत, पाण्यात, खेळात रमली आहेत. जरा खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या, हाक मारू नका. वाट पाहा. मग तो फोटो त्यांनाही दाखवा. कुणाला आवडला नाही, तर पुसून टाका. उरतील ते फोटो पन्नास वर्षांनी कुणी पाहील, तेव्हा निदान म्हणणार नाही, ‘आजी लहानपणी भारीच गंभीर होती हो!’