सूर्य बघायची दुर्बीण: विजयदुर्गाचे ओटे आणि माझी तडकलेली काच



एप्रिल २०२४ चं खग्रास ग्रहण होऊन गेल्यापासून ओळखीतल्या तीन-चार जणांनी तरी मला एकच प्रश्न विचारला: "मुलांना सूर्य दाखवायचाय, पण रात्री चंद्र-शनीही दिसायला हवेत. दोन्हीला चालेल अशी एकच दुर्बीण कुठली घेऊ?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला मला जरा लांबून, थेट विजयदुर्गाहून यावं लागतं. तेव्हा चहा घेऊन बसा.

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं की याच ओट्यांवर दुर्बीण ठेवून लॉकियरसाहेबाने १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध लावला. मीही ती गोष्ट छाती फुगवून सांगत आलो. अमेरिकेत आल्यावर ऑफिसमधल्या मंडळींनाही ऐकवली. पुढे कधीतरी नीट वाचायला बसलो आणि गोष्ट वेगळीच निघाली.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या भागातून गेलं, हे खरंच. फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला होता आणि ढगांच्या फटीतून त्याला सूर्यज्वालांच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा दिसल्या. पण नॉर्मन लॉकियर? तो त्या दिवशी विलायतेत होता. युद्धखात्यातला कारकून, फावल्या वेळात आकाश बघणारा हौशी माणूस. त्याच्याकडे सव्वासहा इंची भिंगाची दुर्बीण होती आणि मागवलेला वर्णपटदर्शक कारागिराकडून वेळेवर येत नव्हता. तो हातात पडल्यावर २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण वगैरे काही नसताना, भर दिवसा त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला पकडल्या. जानसेनने हेच ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी गुंटूरला साधलं होतं. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचल्या गेल्या आणि फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. ज्वालांच्या प्रकाशातली एक पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. त्या अनोळखी द्रव्याचं नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडावं लागलं.

मग ओटे कसले? लॉकियर विजयदुर्गाला आला, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तेव्हा तो नावाजलेला शास्त्रज्ञ होता आणि मदतीला 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरचे खलाशी होते. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी नायगमवाला होते आणि चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आलेला विल्यम कॅम्पबेलही होता. तो आला होता कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून! आमच्या सॅन होजेहून स्वच्छ दिवशी माउंट हॅमिल्टनवर तिचे पांढरे घुमट दिसतात. इथून जेऊरपर्यंत बोटी, आगगाड्या, तंबू, त्यात तिकडे प्लेगची साथ. आणि हे सगळं जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

ओट्यांची गोष्ट खोटी ठरली म्हणून आधी मी हिरमुसलो. आता वाटतं, खरी गोष्ट जास्त कामाची आहे. प्रभामंडल बघायला त्या काळी ग्रहणाशिवाय इलाज नव्हता, पण ज्वाला बघायला होता. लॉकियरची दुर्बीण जगावेगळी नव्हती. तिला लावलेलं उपकरण योग्य होतं. लोलक आकाशातला विखुरलेला उजेड पसरून फिका करतो, पण ज्वालांचा उजेड मोजक्या रेषांतच असतो, त्यामुळे त्या रेषा उठून दिसतात. दुर्बीण साधी, जोड योग्य. हेच आजच्या प्रश्नाचंही उत्तर आहे.

जोड चुकली तर काय होतं, हे मी स्वतः पाहिलंय. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत हौसेने एक ६० मिमीची स्वस्त दुर्बीण घेतली. डब्यात आयपीसला लावायची एक गडद हिरवी काच होती, तिच्यावर 'सन' असं छापलेलं. शनिवारी दुपारी अंगणात दुर्बीण लावली, सूर्य पकडला आणि मुलीला हाक मारली. ती तेव्हा सात वर्षांची होती. ती चपला घालत असतानाच 'टक्' असा आवाज झाला आणि काच मधोमध तडकली. चपला सापडायला दहा सेकंद कमी लागले असते तर... असो. ती काच त्याच दिवशी कचऱ्यात गेली. दुपारभर मी काही बोललो नाही.

कारण सरळ आहे. ती काच बसते ती नेमकी पुढच्या भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता जिथे एकवटते तिथे. आणि 'गडद' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे, हे तर १८०० सालीच कळलं होतं. विल्यम हर्शेल (जमखंडीच्या लेफ्टनंटचे आजोबा!) सूर्य बघायला वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरून पाहत होते. काही काचांतून उजेड कमी यायचा, पण डोळ्याला चटका बसायचा. त्याचा माग काढताना त्यांना अवरक्त किरण सापडले. आपण लहानपणी काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रे फिल्ममधून ग्रहण बघायचो, तिथेही हाच धोका. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. जळतं तेव्हा दुखत नाही, समजतं ते नंतर.

तर आता खरेदी. माझ्या मते ७० ते ८० मिमीची भिंगाची दुर्बीण आणि तिपाई भक्कम. तिच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा, सूर्यासाठीच बनवलेला पांढऱ्या उजेडाचा फिल्टर घ्या. दृश्य प्रकाशाचा साधारण लाखातला एक भाग आत सोडणारी फिल्म मिळते. उजेड आणि उष्णता आत शिरण्याआधीच अडते, ही त्यातली मेख. सूर्यावरचे डाग छान दिसतात. रात्री फिल्टर काढला की चंद्राची विवरं आणि शनीची कडी. डाग म्हणजे किरकोळ गोष्ट समजू नका. जर्मनीतल्या श्वाबे नावाच्या औषधविक्याने १८२६ पासून छोट्या दुर्बिणीतून रोज डाग मोजले आणि १८४३ साली डागांचं चक्र जगाला सांगितलं.

लॉकियरसारख्या ज्वाला बघायच्या तर हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरचा लाल उजेड तेवढा सोडणारी दुर्बीण लागते. पूर्वी हे वेधशाळांचं काम होतं. २००४ साली कोरोनाडोची ४० मिमीची दुर्बीण ४९९ डॉलर्सला आली आणि हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. दृश्य अप्रतिम, पण ती रात्री निरुपयोगी. म्हणून ती दुसरी खरेदी, पहिली नव्हे.

चार पथ्यं मात्र पाळाच. दरवेळी फिल्टर उन्हासमोर धरून बारीक भोकं, ओरखडे तपासा. तो वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने बसवा. बाजूची छोटी फाइंडर दुर्बीण काढून ठेवा, पोरं हमखास तिच्यातच डोळा घालतात. आणि ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत कधीही बघू नका. तो उघड्या डोळ्यांसाठीच असतो, दुर्बिणीने एकवटलेल्या उन्हापुढे तो टिकत नाही.

अलास्का सोडलं तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पुढचं खग्रास ग्रहण २०४४ साली आहे. तोवर थांबायचं कारण नाही. लॉकियरही थांबला नव्हता. माझी मुलगी आता मोठी झाली, परवा तिने स्वतःच फिल्टर उन्हात धरून तपासला आणि मग मला म्हणाली, "बाबा, आता बघा."

चूकभूल द्यावी घ्यावी.